बाळाच्या हृदयात छिद्र निघालं? घाबरण्याआधी काय विचारायचं, घरी काय करायचं

"हृदयात छिद्र आहे" एवढं कानावर पडलं की त्यापुढे डॉक्टर काय बोलले ते कुणालाच धड आठवत नाही, म्हणून सगळ्यात आधी एक करा, त्यांना म्हणा की आजाराचं पूर्ण नाव कागदावर लिहून द्या. कारण नुसतं छिद्र म्हणजे काहीच कळत नाही. साधारण शंभरात एक बाळ हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्माला येतं, पण त्यात आपोआप बुजणाऱ्या बारीक भोकापासून ते पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन लागणाऱ्या प्रकारापर्यंत सगळं आलं. आणि नुसता आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू आला असेल तर आधी श्वास घ्या. पूर्णपणे निरोगी मुलांमध्येही कधी ना कधी मर्मर ऐकू येतो, तो आजार नसतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला की विषय संपला, मग दर वर्षी पुन्हा पुन्हा इको करत बसू नका.

इकोचा रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी शोधा. छिद्र कुठे आहे, किती मिलिमीटरचं आहे, हृदयाचे कप्पे त्यामुळे मोठे झालेत का, आणि फुफ्फुसातलं प्रेशर वाढलंय का. पहिल्या दोन गोष्टी सगळे बघतात, शेवटच्या दोन कुणी विचारत नाही, आणि खरा निर्णय त्यावरच होतो. ५ मिमीचं भोक एका बाळाला काहीच करत नाही आणि दुसऱ्याला दूध पिताना दमवतं, कारण ते कुठल्या भिंतीत आहे आणि बाळ केवढं आहे यावर सगळं ठरतं.

मग पुढचा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, "कधी?" ऑपरेशन लागेल का हे सगळे विचारतात, कधी लागेल हे विचारा, आणि तेव्हाच का, आत्ता का नाही, सहा महिन्यांनी का नाही हेही विचारा. आजच्या लहान मुलांच्या कार्डिओलॉजीत अर्धं कौशल्य या वेळेच्या गणितातच आहे.

व्हीएसडी घ्या, म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र. स्नायूच्या भागातली बारीक छिद्रं बरीचशी पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बंद होतात, तिथे वाट बघणं हाच उपचार. मोठं असेल तर गंमत बघा (गंमत कसली म्हणा), जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळ एकदम ठीक दिसतं, कारण तेव्हा फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या अजून आवळलेल्या असतात, त्या सैल झाल्या की चार-सहा आठवड्यांनी रक्त धो धो फुफ्फुसात जायला लागतं आणि मग धाप, घाम, वजन न वाढणं सुरू होतं. अशा बाळाचं ऑपरेशन साधारण पहिल्या वर्षातच, बऱ्याचदा तीन ते सहा महिन्यांच्या आसपास करतात. इथे एक सापळा आहे. मोठं छिद्र असलेलं बाळ काही महिन्यांनी अचानक बरं वाटायला लागतं, धाप कमी होते, आणि घरातले म्हणतात बघा सुधारला, आता कशाला कापाकापी. पण छिद्र तेवढंच असताना धाप कमी झाली तर त्याचा अर्थ फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या कडक व्हायला लागल्या असाही असू शकतो, आणि तसं कायमचं झालं तर मग छिद्र बंदच करता येत नाही. म्हणून "बरं वाटतंय" म्हणून तारीख पुढे ढकलू नका, आधी इको परत करा.

एएसडी म्हणजे वरच्या कप्प्यांमधलं छिद्र, याला सहसा घाई नसते. ३ मिमीपेक्षा लहान असेल तर जवळपास सगळी बंद होतात, ८ मिमीच्या वर असेल तर आपोआप बंद होणं क्वचितच. उरलेली साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात बंद करतात, आणि जागा योग्य असेल तर मांडीच्या नसेतून नळी घालून छत्रीसारखं डिव्हाइस बसवतात, छाती उघडायची गरजच नाही. म्हणून विचारा, हे डिव्हाइसने होण्यासारखं आहे का, नसेल तर नेमकं कशामुळे नाही, म्हणजे कडा कमी पडते का छिद्राची जागाच वेगळी आहे.

उलट, काही दोषांत तास मोजावे लागतात. महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी अदलाबदल झालेली असते तो टीजीए, यात प्रोस्टाग्लँडिनचं औषध (जन्माआधीची रक्ताची वाट बंद होऊ न देणारं) चालू ठेवून पहिल्या एक-दोन आठवड्यांतच धमन्या बदलायचं ऑपरेशन करतात, ते पहिल्यांदा यशस्वी झालं १९७५ मध्ये, ब्राझीलच्या जातेने या सर्जनच्या हातून. असं बाळ पोटात असतानाच कळलं तर प्रसूतीच जिथे मुलांची हार्ट सर्जरी होते तिथे करायची, हे ठरवायला वेळ मिळतो. गर्भाचा इको साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात. घरात आधी एखाद्या मुलाला, किंवा आईबापापैकी कुणाला जन्मजात हृदयदोष असेल तर पुढच्या गरोदरपणात हा इको मागून घ्या, सोनोग्राफी नॉर्मल आली तरी.

बाळ जन्मल्यावर, घरी सोडायच्या आधी, ऑक्सिमीटरची टेस्ट झाली का विचारा. २४ तास झाले की उजव्या हाताला आणि एका पायाला लावून बघतात, ९० च्या खाली आलं तर लगेच पुढची तपासणी, दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि दोघांत तीनपेक्षा जास्त फरक नाही तर ठीक, मधलं काही आलं तर थोड्या वेळाने परत. अमेरिकेने २०११ मध्ये ही टेस्ट नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांमध्ये घातली, आणि २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की जिथे ती सक्तीची केली तिथे गंभीर हृदयदोषाने होणारे बालमृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. दुखत नाही, दोन मिनिटांचं काम. पण ही टेस्ट सगळं पकडत नाही, महाधमनी अरुंद असलेलं बाळ यातून सुटू शकतं, म्हणून डॉक्टर मांडीच्या सांध्यात नाडी चाचपून बघतात ती तपासणीही तितकीच महत्त्वाची.

आता घरचं. बाळाला हृदयाचा त्रास आहे हे बहुतेक वेळा दूध पितानाच कळतं. दूध पिताना कपाळावर घाम, थांबून थांबून पिणं, अर्ध्यातच दमून झोपणं, वजन न वाढणं. झोपेत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, घाईत पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळांचा श्वास अनियमित असतो. सतत ६० च्या वर असेल तर दाखवा. निळेपणा ओठ आणि जिभेवर बघा, हातपाय थंडीने निळसर पडणं वेगळं, जीभ निळी म्हणजे मात्र लगेच हॉस्पिटल.

वजन हा सगळ्यात मोठा प्रश्न, कारण हृदय जास्त काम करतं म्हणून कॅलरी जास्त जळतात आणि बाळ दमल्यामुळे पितं कमी. अशा बाळांना दिवसाला किलोमागे १२० ते १५० कॅलरीसुद्धा लागू शकतात. थोडं थोडं, लवकर लवकर पाजा, आईचं दूध काढून त्यात काय घालून घट्ट करायचं ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या, मनाने पावडर जास्त टाकू नका आणि पाणी घालून पातळ तर अजिबात नको. नाकातून नळी घालू म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, नळीने पोट भरलेलं बाळ ऑपरेशनला जास्त तयार असतं. औषधाचा डोस उलटी झाली की परत द्यायचा का नाही हे आधीच विचारून ठेवा, विशेषतः डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं, तिथे "जाऊ दे, अजून थोडं देऊ" हे धोक्याचं आहे.

घरी ऑक्सिमीटर घेतलात तर एक विचारून ठेवा, "आमच्या बाळाचा आकडा किती हवा?" सगळ्यांना ९९ नकोच. एकच पंपिंग कप्पा असलेल्या आणि पहिल्या टप्प्याचं ऑपरेशन झालेल्या बाळाचा आकडा ७५ ते ८५ मध्येच असायला हवा, तिथे ९५ दिसला तर उलट फोन करावा लागतो. पाय गरम असावा, बाळ शांत असावं, स्क्रीनवरची लाट नीट यावी, मगच आकडा खरा धरा. या बाळांसाठी रोज वजन आणि रोज ऑक्सिजन लिहून ठेवायची पद्धत अमेरिकेत मिलवॉकीच्या टीमने सुरू केली आणि पहिल्या व दुसऱ्या ऑपरेशनच्या मधल्या काळातले मृत्यू कमी झाल्याचं २००३ मध्ये दाखवलं. साधी वही आणि वजनकाटा, पण फरक केवढा. अशा बाळाला जुलाब, उलट्या, ताप आला तर "उद्या बघू" करू नका, अंगातलं पाणी कमी झालं की शंट (ऑपरेशनमध्ये फुफ्फुसाकडे रक्त न्यायला बसवलेली नळी) बंद पडू शकतो.

टीओएफ (व्हीएसडीबरोबर फुफ्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद असलेला दोष) असलेलं बाळ अचानक खूप रडून निळं पडत गेलं, श्वास खोल आणि जलद झाला, तर त्याला उताणं करून किंवा खांद्यावर धरून दोन्ही गुडघे छातीला लावा, शांत करा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी अँब्युलन्सला फोन करायला सांगा. झटका थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण असा झटका येणं म्हणजे ऑपरेशनची तारीख अलीकडे आणायची खूण आहे. रक्त तपासताना लोहही बघायला सांगा. रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने निळसर दिसणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असायला हवं, त्यामुळे रिपोर्टमध्ये "नॉर्मल" आलेला आकडा त्यांच्यासाठी कमी असू शकतो.

दातांची काळजी सगळे विसरतात, पण तोंडातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन इन्फेक्शन करू शकतात. दात काढायच्या आधी अँटिबायोटिक पूर्वी जवळपास सगळ्याच हृदयदोषांना देत, २००७ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते मोजक्याच मुलांपुरतं ठेवलं, म्हणजे कृत्रिम झडप असलेले, आधी हृदयात इन्फेक्शन होऊन गेलेले, अजून दुरुस्त न झालेले निळे दोष, आणि पॅच किंवा डिव्हाइस बसवून सहा महिने न झालेले, असे. तुमचं मूल यात बसतं का ते एकदा लिहून घ्या. रोजचं ब्रश मात्र सगळ्यांनाच.

हॉस्पिटल निवडताना इमारत बघू नका. हेच ऑपरेशन इथे वर्षाला किती होतात, एवढ्या वजनाच्या बाळांची किती, निकाल काय, रात्री मुलांच्या आयसीयूत कोण असतं, हे विचारा, आणि उत्तर देताना डॉक्टर चिडले तर तेही एक उत्तरच आहे. सेकंड ओपिनियनला जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, इकोच्या व्हिडिओ क्लिप मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला चित्र बघायचं असतं.

ऑपरेशननंतर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली. घरी आल्यावर एक-दोन आठवड्यांनी ताप, चिडचिड, भूक जाणं, धाप असं काही झालं तर साधा व्हायरल समजू नका, हृदयाभोवती पाणी साठू शकतं आणि ते इकोत लगेच दिसतं.

व्हॉट्सअॅपवर "नवीन संशोधन" येत राहतं, त्याबद्दलही थोडं. या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत आलेले मोठे अभ्यास बघितले तर बरेचसे "हे करू नका" किंवा "थांबा" असंच सांगतात, आणि मला ते फार आवडतं. ऑपरेशनच्या वेळी बाळांना स्टिरॉइड द्यायची सवय जुनी, २०२२ मध्ये १,२०० हून जास्त बाळांवरच्या स्ट्रेस ट्रायलमध्ये ठोस फायदा दिसला नाही, उलट साखर वाढून इन्सुलिन जास्त बाळांना द्यावं लागलं. खूप लवकर जन्मलेल्या बाळांत पीडीए, म्हणजे जन्मानंतर बंद व्हायला हवी ती महाधमनी आणि फुफ्फुसाच्या धमनीमधली वाट, उघडी दिसली की ती बुजवायला आयबुप्रोफेन द्यायचं, तर २०२२ च्या शेवटी आलेल्या बेनेडक्टस ट्रायलमध्ये नुसती वाट बघणारा गट मागे पडला नाही, आणि २०२४ च्या बेबी-ऑस्करमध्येही लवकर औषध देऊन फायदा दिसला नाही. म्हणजे पीडीएला कधीच काही करायचं नाही असं नाही, ७०० ग्रॅमच्या बाळालासुद्धा नळीतून बसवता येणारं डिव्हाइस २०१९ मध्ये मंजूर झालंय, फक्त कुणाला लागतं ते नीट निवडायचं.

दुसऱ्या बाजूला, २०२१ च्या शेवटी युगांडातल्या मुलांवर झालेला गोल ट्रायल आला. वाताच्या तापाने (रुमॅटिक फीव्हर) झडप नुकतीच, लक्षणं नसताना खराब व्हायला लागलेली ८१८ मुलं, अर्ध्यांना दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन. दोन वर्षांनी झडप आणखी बिघडलेली मुलं इंजेक्शनवाल्यांत ०.८ टक्के, बाकीच्यांत ८.२ टक्के. एवढं जुनं, स्वस्त औषध! म्हणून मुलाला हे इंजेक्शन चालू असेल तर परीक्षा आहे, लग्न आहे म्हणून एकही चुकवू नका.

कुठलीही बातमी आली की तीन प्रश्न: किती मुलांवर, कुणाशी तुलना केली, आणि माझ्या मुलाचा दोष तोच आहे का. अमेरिकेतल्या ड्यूक हॉस्पिटलमध्ये २०२२ साली एका नवजात बाळाला दान मिळालेल्या हृदयाचा झडपांचा भाग बसवला आणि त्या झडपा बाळाबरोबर वाढल्या, ही बातमी खरी आणि भारी आहे, पण उद्या तुमच्या हॉस्पिटलमध्ये मिळेल असं नाही.

मूल शाळेत जायला लागलं की उलटा प्रश्न येतो, त्याला पळू देत नाहीत. छिद्र बारीक असेल किंवा नीट बंद झालं असेल तर बहुतेकांना खेळायला काहीच बंदी नसते, कार्डिओलॉजिस्टकडून तसं पत्र घेऊन शाळेत द्या. ज्यांची तान्हेपणी मोठी ऑपरेशन्स झालीत त्यांचं बोलणं, लक्ष, अभ्यास याकडे मात्र थोडं आधीपासून बघा, विकासाची तपासणी ही आता हृदयाच्या फॉलोअपचाच भाग धरतात. आणि दहा-बारा वर्षांचं झालं की त्याला स्वतःच्या दोषाचं नाव, ऑपरेशनचं वर्ष आणि औषधं पाठ करून घ्या. टीओएफवाल्या बऱ्याच जणांना मोठेपणी फुफ्फुसाची झडप बदलावी लागते, तेव्हा नवीन डॉक्टरसमोर ते एकटेच बसलेले असतील, फाइल तुमच्याकडे असून उपयोग नाही.