गे-लेस्बियन सेंटर काढायचंय? आधी जागेचं बघा

सेंटर काढायचं म्हटलं की पहिले दोन तास नाव आणि लोगोवर जातात, मी बसलोय अशा मीटिंगांना. ते नंतर करा. आधी ठरवा की लोक तुमच्याकडे येणार कशाला.

सॅन फ्रान्सिस्कोत १९६६ साली सोसायटी फॉर इंडिव्हिज्युअल राइट्स या गे लोकांच्या संघटनेने सिक्स्थ स्ट्रीटवर जागा घेतली, तिथे लोक नाचायला यायचे, कारण बारमध्ये पोलीस कधी घुसतील नेम नसायचा. लॉस एंजेलिसमध्ये १९७१ ला मॉरिस काइट, डॉन किलहेफनर या कार्यकर्त्यांनी आणि मंडळींनी विल्शायर बुलेव्हार्डवरच्या एका जुन्या घरात गे कम्युनिटी सर्व्हिसेस सेंटर काढलं, तिथे मुद्दा वेगळा होता, घरातून हाकललेल्यांना राहायला जागा, गुप्तरोगाची तपासणी, बोलायला कोणीतरी. दोन्ही बरोबरच. पण सगळंच एकदम करायला गेलात तर सहा महिन्यांत व्हॉलंटियर पळतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: वेळ लागतो. लॉस एंजेलिसवाल्यांना करसवलत आधी नाकारली आणि मिळाली ती १९७४ मध्ये. म्हणजे सुरुवातीचा खर्च देणगीवर सवलत मिळेल असं धरून आखू नका.

आता जागा, खरं दुखणं हेच आहे. न्यूयॉर्कमध्ये गे अॅक्टिव्हिस्ट्स अलायन्सने १९७१ मध्ये वूस्टर स्ट्रीटवरचं जुनं फायर स्टेशन भाड्याने घेतलं, शनिवारच्या डान्सवर पैसे उभे राहायचे, १९७४ ला कोणीतरी आग लावली आणि संपलं. (फायर स्टेशनलाच आग, हसावं की रडावं.) लंडनचं सेंटर १९८५ ला ग्रेटर लंडन कौन्सिलच्या, म्हणजे शहराचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या पैशावर उघडलं आणि पुढच्याच वर्षी ती कौन्सिलच सरकारने बरखास्त केली, मग काही वर्षं कसंबसं ओढलं आणि बंद. याउलट न्यूयॉर्कचं १९८३ मध्ये स्थापन झालेलं सेंटर, त्यांनी १३व्या स्ट्रीटवरची जुनी शाळा महापालिकेकडून सरळ विकत घेतली, पंधरा लाख डॉलरला. एड्सच्या सगळ्यात वाईट काळात लोकांना जमायला हक्काचं छप्पर होतं, १९८७ ला अॅक्ट अप, एड्सच्या प्रश्नावर आंदोलन करणारा गट, तिथेच सुरू झाला.

विकत घेणं सगळ्यांना जमणार नाही, मान्य. मग निदान भाडेकरार लांब मुदतीचा करा, काय काम चालणार ते घरमालकाला आधीच स्पष्ट सांगा, विमा काढा आणि एकाच देणगीदाराच्या जिवावर भाडं ठेवू नका, तो कितीही गोड बोलत असला तरी.

आणि दार. पहिल्यांदा येणारा माणूस सरळ आत येत नाही, समोरून दोनदा जातो, फोनवर बोलल्यासारखं करतो, मग शिरतो. तेव्हा दाराशी बसणारा माणूस नीट निवडा, बडबड्या नको, रागीट तर नकोच. रजिस्टरमध्ये खरं नाव मागू नका, "काय म्हणू तुम्हाला?" एवढं पुरतं. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवू नका, आलेल्याला वाटतं आपल्याकडेच बघतायत. बाहेर पडायला मागचं दार असेल तर ते पहिल्याच भेटीत दाखवून ठेवा.