पॅराथायरॉइडच्या ऑपरेशननंतर या चुका टाळा

आईला घरी आणून एकच दिवस झाला होता, ऑपरेशनला तिसरा. पंचवटीतल्या घरी मटार सोलता सोलता ती म्हणाली, "बोटांना मुंग्या येतायत गं, ओठही बधिर झालेत." नाशिकची डिसेंबरची थंडी, मी तिला शाल आणून दिली. तिथेच चुकलं. द्यायला हवा होता तो डॉक्टरांना फोन.

पॅराथायरॉइड म्हणजे मानेतल्या छोट्या ग्रंथी; त्यांचं पीटीएच हे संप्रेरक हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणतं. त्यातली वाढलेली ग्रंथी काढली की रक्तातलं पीटीएच काही मिनिटांत उतरतं. म्हणूनच ऑपरेशन चालू असताना, ग्रंथी काढल्यावर 10 मिनिटांनी रक्त तपासून ते निम्म्याहून खाली आलं का, हे बघतात. आमचं आलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. पण इतकी वर्षं झिजलेली हाडं आता कॅल्शियम भराभर ओढून घेतात आणि उरलेल्या ग्रंथी अजून सुस्तच असतात. कॅल्शियम सगळ्यात खाली जातं ते बहुधा 2 ते 4 दिवसांनी, म्हणजे पेशंट घरी आल्यावर. मुंग्या ही त्याचीच खूण, आल्या तर त्याच दिवशी कळवा. हात आखडून बोटं वाकडी झाली, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरी चूक नुसता पीटीएचचा आकडा बघण्याची. महिन्याभराने आईचं पीटीएच वाढलेलं आलं आणि "ऑपरेशन फसलं" म्हणून घरात रडारड झाली. कॅल्शियम मात्र नॉर्मल होतं, कमी होतं ते ड जीवनसत्त्व. असं बऱ्याच जणांचं होतं. ऑपरेशन यशस्वी झालं का, हे 6 महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल आहे का यावर ठरतं. कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही एकदम वाढलेली असतील, तर मात्र सर्जनना दाखवाच. त्यासाठी कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि पीटीएच एकाच वेळच्या रक्तावर करा, शक्यतो दरवेळी त्याच लॅबमध्ये. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, त्याने पीटीएचचा आकडा चुकतो.

गोळ्यांचंही तसंच. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, आणि थायरॉइडच्या गोळीपासून 4 तास लांब. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितली असेल तर ती रोज घेऊ नका. कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. आणि बरं वाटतंय म्हणून कॅल्शियम आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर ते हळूहळू उतरवतात.

आईच्या फाइलला मी आता एक कागद टाचलाय: तारीख, कॅल्शियम, पीटीएच, ड. पुढची ओळ जूनमध्ये भरायची आहे.