पावसाळ्यात सोयापेंडीला पर्याय निवडताना

सोयापेंड महागली की ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) उत्पादक दुसऱ्या पेंडींकडे वळतो आणि पोत्यावरचा प्रथिनांचा टक्का बघून सौदा करून टाकतो. फसगत तिथेच होते. पक्ष्याच्या अंगी लागतात ती प्रथिनांतली अमिनो आम्ले, नुसता टक्का नाही.

हिशोबच मांडू. सोयापेंड आणि शेंगदाणा पेंड, दोन्हींत प्रथिने 45 टक्क्यांच्या आसपास. पण सोयापेंडीत लायसिन हे अमिनो आम्ल साधारण 2.8 टक्के, तर शेंगदाणा पेंडीत जेमतेम 1.5 टक्के. 100 किलो खाद्यातली 5 किलो सोयापेंड काढून तेवढीच शेंगदाणा पेंड घातली, तर 65 ग्रॅम लायसिन कमी पडते. ते भरून काढायला लायसिन एचसीएल (बाजारात मिळणारी लायसिनची भुकटी) सुमारे 85 ग्रॅम घालावे लागते. ते विसरलात तर पक्षी खातो भरपूर, पण छाती भरत नाही आणि एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागणारे खाद्य) बिघडतो. तीळ पेंडीतही लायसिन कमीच, मात्र मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल चांगले. म्हणून ती सोयापेंडीच्या जोडीला शोभते, तिच्या जागी नाही.

पावसाळ्यात शेंगदाणा पेंड घेताना मात्र अजिबात भिडस्तपणा करू नका. पोत्याच्या तोंडाशी पेंड कोरडीच दिसते. हात कोपरापर्यंत आत घाला. मधे ऊब लागली, गुठळ्या हाताला लागल्या किंवा कुबट वास आला, तर पोते परत पाठवा. उन्हात वाळवून वापरू, हा विचार घातक आहे. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, तिने आधीच सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष तसेच राहते. ते यकृत पोखरते, प्रतिकारशक्ती खच्ची करते आणि केलेले लसीकरणही पुरते लागू पडत नाही. टॉक्सिन बाइंडरने (विष बांधून ठेवणाऱ्या, खाद्यात मिसळायच्या पदार्थाने) थोडा धोका कमी होतो, सडलेला माल चांगला होत नाही. मक्याचे डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा) घेतानाही तपासणी अहवाल मागा; मूळ मक्यात विष असेल तर डीडीजीएसमध्ये ते सुमारे तिप्पट होते.

गवार पेंडीतल्या उरलेल्या डिंकामुळे विष्ठा चिकट होते. आधीच दमट हवा, त्यात लिटर (शेडमधला भुशाचा थर) ओले झाले की अमोनिया वाढतो. माझ्या मते या दिवसांत ती टाळलेलीच बरी. सरकी पेंडीतले गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य लायसिन बांधून ठेवते, तीही जपूनच. सूर्यफूल पेंडीत तंतू जास्त, त्यामुळे ती थोडीच आणि फिनिशरमध्येच (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात) घाला. फिशमील (माशांची भुकटी) चमचाभर ग्लासातल्या पाण्यात ढवळून बघा, भेसळीची वाळू लगेच तळाशी बसते. विक्रीआधीच्या शेवटच्या आठवड्यात ते बंद ठेवा, नाहीतर मांसाला वास येतो. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांची भुकटी मला आशादायक वाटते. मात्र तिच्यात चरबी बरीच असते, म्हणून चरबी काढलेलाच माल घ्या.

पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पंधरा दिवसांना पुरेल एवढाच साठा करा.

पहिले 14 दिवस खाद्यात कोणताही बदल नको. त्यानंतर नवे खाद्य पाच-सहा दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवा, तेही आधी शेडच्या एकाच कप्प्यात. दर आठवड्याला त्या कप्प्यातले 50 आणि जुन्या खाद्यावरचे 50 पक्षी तोलून आकडे वहीत लिहा. वजन मागे पडू लागले, तर बॅच संपायची वाट न बघता जुन्या मिश्रणावर परत या.