नागपूरच्या माळावरील गवते ओळखताना : देशी कोणती, बाहेरून आलेली कोणती

पावसाळा सरता सरता सेमिनरी हिल्सच्या उतारावर, गोरेवाड्याच्या माळावर किंवा उमरेडच्या वाटेवरील झुडपी जंगलात गवत कमरेइतके वाढलेले असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो एकच हिरवा-तांबूस पट्टा वाटतो. जवळ जाऊन पाहिल्यास मात्र कुसळी, पवन्या, मारवेल, तिखाडी अशा अनेक जाती आपापली जागा धरून उभ्या असल्याचे कळते. रस्त्याच्या आणि नाल्यांच्या कडेला त्यांच्यात गिनी, पॅरा यांसारखी आफ्रिकेतून आणलेली गवतेही मिसळलेली दिसतात. ही ओळख पटली म्हणजे माळ राखताना काय ठेवावे आणि काय काढावे हे ठरवता येते. जातिवंत देशी गवताचा माळ केवळ पडीत समजून खणला जातो, हे थांबावे असे मनापासून वाटते, म्हणून ओळखण्याची पद्धत येथे सविस्तर मांडली आहे.

एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. गवत देशी आहे की विदेशी, हे सांगणारे एकही लक्षण गवताच्या अंगावर नसते. पाते रुंद आहे, वाढ जोमदार आहे किंवा रंग गडद आहे एवढ्यावरून निर्णय केल्यास तो हमखास चुकतो. आधी जात निश्चित करावी. जात निश्चित झाली की तिचे मूळ स्थान वनस्पतिशास्त्राच्या नोंदींतून कळते. म्हणून खरे काम जात ओळखण्याचे आहे, आणि त्यासाठी पान, पेर, फुलोरा व कणिशक या चार ठिकाणी क्रमाने पाहावे लागते.

तयारी आणि काळ

दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक टाचणी, मिलिमीटरची पट्टी आणि पांढरा कागद एवढे साहित्य पुरते. भिंग डोळ्याला चिकटवून धरावे आणि गवत त्याच्याकडे आणावे. भिंग दूर धरून वाकून पाहिल्यास बारीक केस दिसत नाहीत. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या मध्यास सुरू होतो. पोळ्यापर्यंत हरळी, सावा यांसारखी गवते फुलोऱ्यावर आलेली असतात आणि माळावरची उंच गवते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर्ण फुलतात. त्यामुळे गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ शिकण्यास सर्वांत चांगला. फुलोरा नसलेले गवत ओळखणे जाणकारालाही कठीण जाते, तेव्हा नवख्याने जुलैमध्ये निराश होऊ नये.

ते गवतच आहे ना?

आपण बोलताना अनेक वनस्पतींना गवत म्हणतो. गाजर गवत हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे, अमेरिका खंडातून आलेले आहे आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात त्याची नोंद झाली. तृणकुलाशी त्याचा काही संबंध नाही. लव्हाळा म्हणजे नागरमोथा दिसायला गवतासारखा असला, तरी त्याचे खोड बोटांत फिरवले की तीन कडा जाणवतात, पाने तीन ओळींत असतात आणि खोडावर पेरे दिसत नाहीत. खऱ्या गवताचे खोड गोल किंवा थोडे चपटे असते, त्यावर फुगीर पेरे असतात, पाने आळीपाळीने दोन ओळींत येतात आणि पानाचा खालचा भाग खोडाभोवती नळीसारखा गुंडाळलेला असून बहुधा एका बाजूने उघडा असतो.

पान आणि पेर

पान खोडापासून हलकेच मागे वाकवावे. पाते आणि त्याची नळी जेथे मिळतात तेथे आतल्या बाजूला जिव्हिका असते. काही जातींत ती पातळ पापुद्र्यासारखी, काहींत केसांच्या झालरीसारखी, तर काहींत पापुद्रा आणि त्यावर केस अशी असते. हरळीत ती आखूड केसांची कडी असते. पवन्यातही केसांची झालर असते. शेतात आणि ओलसर जागी उगवणाऱ्या जंगली साव्यात, म्हणजे एकिनोक्लोआ कोलोना या जातीत, जिव्हिका मुळीच नसते. तृणकुलात हे दुर्मीळ असल्याने हे गवत फुलोऱ्यावाचूनही ओळखता येते. भाताच्या बांधीत निंदणी करताना या एका खुणेचा मोठा उपयोग होतो, कारण भाताला लांब, टोकदार जिव्हिका असते.

पेरांकडे पाहताना केस आहेत की नाहीत, असल्यास ते कसे आहेत, हे नोंदवावे. मारवेलच्या, म्हणजे डायकँथियम ॲन्युलेटमच्या, पेराभोवती पांढऱ्या लांब केसांचे कडे असते आणि त्याच्या शास्त्रीय नावातही या कड्याचा उल्लेख आहे. पण पॅरा गवताची पेरेही दाट केसाळ असतात. एकाच खुणेवर विसंबू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कणिशक : ओळखीचा गाभा

गवताच्या फुलोऱ्याचे सर्वांत लहान एकक म्हणजे कणिशक. त्याच्या तळाशी सहसा दोन तुसे, म्हणजे बाहेरची कोरडी आवरणे, असतात आणि त्यांच्या आत एक किंवा अधिक पुष्पके, म्हणजे बारीक फुले, असतात. एक कणिशक कागदावर ठेवून टाचणीने उलगडावे. येथे घाई करू नये, कारण गवताच्या ओळखीतील बहुतेक वाद येथेच मिटतात.

आपल्या शेतकऱ्यांना परिचित असलेल्या पिकांवरून दोन मोठे गट समजून घेता येतात. पहिला गट ज्वारी-उसाचा. यात कणिशके जोडीने येतात, एक बिनदेठाचे आणि एक देठाचे. बिनदेठाचे कणिशक बीज धरते आणि अनेक जातींत त्यालाच कुसळ असते. तुसे जाड, कडक असून आतील पुष्पकांना पूर्ण झाकतात. दुसरा गट बाजरी-राळ्याचा. यात कणिशकात दोन पुष्पके असतात, खालचे वांझ किंवा नर आणि वरचे बीज धरणारे. खालचे तूस बहुधा लहान असते, तुसे पातळ असतात आणि वरच्या पुष्पकाचे आवरण मात्र कठीण होते. या गटात लांब, पिळदार कुसळ नसते.

नागपूरच्या परिसरासाठी या भेदाला विशेष अर्थ आहे. भारतातील गवताळ भूमीचे जे पाच मोठे प्रकार १९७३ मध्ये मांडले गेले, त्यांपैकी सेहिमा-डायकँथियम हा प्रकार मध्य भारत आणि दख्खनच्या पठाराचा आहे. पवन्या आणि मारवेल यांच्या वंशांवरून त्याचे नाव पडले असून हे दोन्ही वंश ज्वारीच्या गटातील आहेत. याउलट चाऱ्यासाठी बाहेरून आणलेली आणि नंतर मोकळी पसरलेली प्रमुख गवते बाजरीच्या गटातील आहेत. त्यामुळे माळावर जोडीची कणिशके आणि पिळदार कुसळे दिसली, तर देशी गवताची शक्यता बरीच मोठी असते. हा पहिला अंदाज आहे, निकाल नव्हे. जंगली सावा, अंजन गवत आणि चिकटा ही बाजरीच्या गटातील असूनही येथलीच आहेत.

माळावरची देशी गवते

कुसळी म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. खोडाच्या टोकाला एकच कणीस असते. त्यातील खालच्या जोड्यांना कुसळ नसते. वरच्या जोड्यांतील बिनदेठाच्या कणिशकांना पाच ते दहा सेंटिमीटर लांब, गडद तपकिरी कुसळे असतात आणि ती एकमेकांत पिळली जातात. बियाचे टोक सुईसारखे असते. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, सुकले की पुन्हा बसतो आणि या फिरण्याने बी जमिनीत शिरते. तळाजवळच्या पानांच्या नळ्या चपट्या असून त्यांना पाठीवर धार असते, त्यामुळे फुलोरा झडल्यावरही कुसळीचे ठोंब ओळखता येतात.

पवन्या म्हणजे सेहिमा नर्व्होसम. यालाही एकच कणीस असते, पण कुसळे कुसळीइतकी लांब किंवा गुंतलेली नसतात. बिनदेठाच्या कणिशकाच्या खालच्या तुसाला मधोमध पन्हाळ असते आणि त्याचे टोक दोन दातांत विभागलेले असते. देठाच्या कणिशकावर उठून दिसणाऱ्या शिरा असतात, आणि एकदा त्या भिंगातून पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही. चराईचा ताण कमी असलेल्या बरड, मुरमाड उतारावर पवन्याचे दाट ठोंब दिसले, तर तो माळ चांगल्या स्थितीत आहे असे समजावे.

मारवेलमध्ये खोडाच्या टोकाला जवळजवळ एकाच ठिकाणाहून अनेक कणसे बोटांसारखी निघतात आणि त्यांवर जांभळट झाक असते. याच्याशी सहज गल्लत होते ती बोथ्रिओक्लोआ पर्टुसाची. तिची पेरेही केसाळ असतात आणि कणसेही बोटांसारखी दिसतात. फरक असा की तिच्या खालच्या तुसावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक खळगी असते, आणि कणिशकाचा देठ उजेडासमोर धरल्यास त्याच्या मधोमध अर्धपारदर्शक रेघ दिसते. मारवेलमध्ये ही रेघ नसते. दोन्ही गवते देशीच आहेत, तरी चाऱ्यासाठी मारवेलची निवड करणाऱ्याला हा फरक ठाऊक असणे आवश्यक आहे.

तिखाडी म्हणजे सिंबोपोगॉन मार्टिनी. पान चुरगळले की तिचा गुलाबासारखा गंध येतो. पात्याचा तळ रुंद, हृदयाकृती असून खोडाला कवेत घेतो. परसातल्या गवती चहाचे पाते तळाकडे निमुळते असते आणि त्याला फुलोरा क्वचितच येतो. नदीकाठच्या रेताड जागी पांढरे, रेशमी तुरे डोलताना दिसतात तो कांस. तोही ज्वारी-उसाच्याच गटातला, किंबहुना उसाच्याच वंशातला आहे.

बाहेरून आलेली गवते

गिनी गवत, म्हणजे मेगाथर्सस मॅक्सिमस, चाऱ्यासाठी लावले जाते आणि तेथून सावलीच्या कडांनी, कुंपणांलगत पसरते. त्याचा फुलोरा मोकळा, फांद्यांचा असतो आणि सर्वांत खालच्या फांद्या खोडाभोवती एकाच पातळीवर चक्राकार निघतात. कणिशके कुसळाविना, सुमारे तीन मिलिमीटरची असतात. पक्की खूण कणिशकाच्या आत आहे: वरच्या पुष्पकाच्या कठीण आवरणावर आडव्या सुरकुत्या असतात. कुटकीचे हेच आवरण गुळगुळीत आणि चकचकीत असते, त्यामुळे एरवी सारख्या वाटणाऱ्या या दोन फुलोऱ्यांचा निवाडा भिंगाने क्षणात होतो.

पॅरा गवत, युरोक्लोआ म्युटिका, नाल्यांच्या काठी आणि तलावांच्या उथळ कडेला आढळते. त्याची खोडे आडवी पसरतात, पेरांपेरांना मुळे फुटतात आणि पाहता पाहता पाण्यावर जाळी तयार होते. फुलोऱ्यात मधल्या दांड्यावर बरीच कणसे एकामागून एक येतात. मारवेलप्रमाणे ती एका ठिकाणाहून निघत नाहीत. त्यांना कुसळेही नसतात. पेरे केसाळ असली तरी या दोन बाबींवरून पॅरा आणि मारवेल वेगळे करता येतात.

हत्ती गवत म्हणजे नेपिअर, सेंक्रस पर्प्युरियस. त्याची उंची, बोटाएवढे जाड खोड आणि पिवळसर राठ केसांचे दाट कणीस यांमुळे ते लपत नाही. केसाळ कणसे पाहताना मात्र एक बारकावा पाळावा. नेपिअर आणि अंजन गवत यांत कणिशक गळताना भोवतालचे राठ केस त्याच्याबरोबर गळतात. राळ्याच्या वंशात कणिशक गळते आणि केस दांड्यावरच राहतात. पिकलेल्या कणसावरून बोट फिरवले की हे लगेच समजते. चिकटा राळ्याच्याच वंशातला, आणि त्याच्या केसांवरचे सूक्ष्म दात उलट्या दिशेने असल्यामुळे तो कपड्यांना धरून राहतो. मेलिनिस रेपेन्स हे आणखी एक आफ्रिकी गवत खणलेल्या मुरमावर आणि रस्त्याकडेला येते. त्याच्या फुलोऱ्यावरचे गुलाबी, पुढे रुपेरी होणारे रेशमी केस दुरूनही दिसतात.

देशी-विदेशी हा भेद स्थळसापेक्ष आहे, याचाही विसर पडू नये. आपल्याकडे माळावर नैसर्गिकपणे वाढणारी थेमेडा क्वाड्रिव्हाल्व्हिस आणि वर सांगितलेली बोथ्रिओक्लोआ पर्टुसा ही दोन्ही गवते ऑस्ट्रेलियात बाहेरून गेलेली आणि तेथील कुरणांत त्रासदायक ठरलेली आहेत. म्हणून वहीत केवळ ‘विदेशी’ असे न लिहिता मूळ प्रदेशही लिहावा.

नोंद कशी ठेवावी

नमुना घेताना गवत मुळासह काढावे, कारण ते वर्षायू आहे की बहुवर्षायू आणि जमिनीखाली आडवे खोड आहे की नाही, हे तळाशीच कळते. अभयारण्यात, राखीव जंगलात किंवा सार्वजनिक उद्यानात परवानगीवाचून काहीही उपटू नये. तेथे छायाचित्रे पुरेशी आहेत. संपूर्ण ठोंब, जिव्हिका, पेर, फुलोरा आणि पट्टीशेजारी ठेवलेले कणिशक अशी पाच छायाचित्रे असली, तर तज्ज्ञाला सहसा जात सांगता येते. केवळ हिरव्या पात्यांच्या चित्रावरून ती सांगता येत नाही. सोबत तारीख, जागा, जमीन काळी की मुरमाड, उतार की पाणथळ, आणि पान चुरगळल्यावरचा गंध लिहावा, कारण सुकलेल्या नमुन्यात गंध आणि रंग टिकत नाहीत. नमुना वर्तमानपत्राच्या कागदात दाबून पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. गिनी किंवा पॅरा यांचे नमुने नेताना बिया आणि मुळे फुटलेली पेरे वाटेत सांडू नयेत, आणि उरलेला भाग उकिरड्यावर न टाकता पूर्ण वाळवून जाळावा.