मुमताजची साडी, रत्नागिरीच्या हवेत

'ब्रह्मचारी' १९६८ चा, पण त्यातली मुमताजची केशरी साडी मोबाईलवर दाखवत मुली अजून माझ्या दुकानात येतात. ती साडी भानू अथैयांची. आपल्या कोल्हापूरच्या, पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या. ती नेसायची नव्हतीच, चेन लावून चढवायची होती.

तशी शिवायची तर कापड जॉर्जेट घ्या. आईची पैठणी आणू नका. चेनपाशी साडी कापावी लागते, मी पैठणीला कात्री लावणार नाही.

आधी फिशकट परकर शिवा, म्हणजे गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर बसणारा आणि खाली पसरणारा. कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर), गुडघा ही मापं उभ्याने घ्या, सीटचं बसवूनही घ्या. परकर अंगावर चढवून साडी गुंडाळा: पहिला वेढा घोट्याशी, पुढचा चार बोटं वर, त्यापुढचा आणखी वर, म्हणजे काठ पायऱ्यांसारखे दिसतात. टाचण्या, मग कच्चा टाका. आता मशीनला हात लावण्याआधी नेसणाऱ्या मुलीला चालायला लावा, स्टुलावर चढवा. एसटीची पायरी चढता येत नसेल तर परकराची मागची चीर वाढवा. एका करवलीच्या वेळी मी हे विसरले आणि वरातीत टाका उसवला. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही.

चेन डाव्या कुशीला, सीटच्या खाली दोन बोटं पोचेल इतकी लांब. धातूची नको हो! आपल्या खाऱ्या हवेत ती गंजते, आणि तो डाग जॉर्जेटवरून निघता निघत नाही. नायलॉनची लावा, वर एक हूक. पदर मात्र मोकळा सोडा, खांद्याला एक पिन पुरे.