दिवाळीची नानकटाई पसरली, फुटली, करपली? या चुका टाळा

चकली तेलात विरघळायला लागली की लगेच कळतं आणि निदान पुढचा घाणा वाचवता येतो. नानकटाईचा बिघाड मात्र ओव्हनच्या काचेआड होतो. मावशीकडे एका दिवाळीत ट्रे बाहेर काढला, तर सगळ्या गोळ्यांची मिळून एकच ताटभर नानकटाई झालेली. मावशी डगमगली नाही. सुरी घेतली, गरम असतानाच चौकोनी वड्या पाडल्या आणि पाहुण्यांपुढे ठेवल्या. हळदीकुंकवाला आलेल्या दोघींनी कृती लिहून नेली.

आधी तुपाकडे बघा

नानकटाई पसरली की बहुतेक जण मैदा वाढवतात. माझ्या मते पहिला संशय तुपावर घ्यावा. साजूक तूप ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, आणि मैदा भाजून आकार धरायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. तूप मुळातच पातळ असेल तर मधल्या वेळात गोळ्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. त्यात दिवाळी बरेचदा येते ऑक्टोबरच्या उकाड्यात, तेव्हा ओट्यावरचं तूप सकाळीच पाणी झालेलं असतं.

म्हणून तूप थिजलेलं, रवाळ घ्या. पातळ झालं असेल तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. पिठीसाखर घालून ते पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा. इथे दहा मिनिटं गेली तरी चालतील. पाव किलो मैद्याला साधारण १७५ ग्रॅम तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, दोन-दोन चमचे बेसन आणि बारीक रवा. हे वजन करूनच घ्या. पातळ तुपाची वाटी आणि फेसलेल्या तुपाची वाटी यांत बराच फरक पडतो. पीठ कोरडं वाटलं तर चमचाभर तूप घाला, पाणी नको. आणि कणकेसारखं मळू नका, नाहीतर मैद्याला चिवटपणा येतो. हाताने फक्त गोळा जमवायचा. वळलेले गोळे ट्रेसकट २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले की अर्धी काळजी मिटते.

तरीही पूर्ण ट्रे लावण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. चकलीचा पहिला वेढा आपण तळून बघतोच ना! एकटी पसरली तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा घालायला वेळ असतो. अजिबात भेगा न पडता टणक राहिली तर चमचाभर तूप.

डब्यांची अदलाबदल

दिवाळीत ओट्यावर एकसारखे स्टीलचे डबे रांगेने उभे असतात आणि सगळ्यांत पांढरंच काहीतरी असतं. ओळखीच्या एका घरी पिठीसाखर म्हणून तांदळाची पिठी पडली. नानकटाई दिसायला देखणी, भेगा अगदी हव्या तशा, गोडवा शून्य. घरातल्या मधुमेही आजोबांनी मात्र "यंदा जमलीय" म्हणत चहाबरोबर संपवली. डब्यावर चिठ्ठी लावा, किंवा पीठ जिभेला लावून बघा.

सोड्याचं तर बोलायलाच नको. जास्त सोडा म्हणजे जास्त खुसखुशीत, हा समज सोडा. दही किंवा तसं काही आंबट नसेल तर सोडा पुरता मुरत नाही आणि साबणासारखी चव येते. पाव किलोला अर्धा चमचा बेकिंग पावडर पुरते. ती जुनी असेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाका. फसफसली नाही तर नवी आणा.

कुकर, ओव्हन आणि भट्टी

कुकरमध्ये भाजताना शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा. रिंग राहिली तर वेलची-जायफळाऐवजी जळक्या रबराचा वास जिनाभर पसरतो आणि शेजारी दार वाजवतात. पाणी घालायचं नाही. तळाला जाड मीठ, त्यावर स्टँड, १० मिनिटं तापवून मग ताटली ठेवायची आणि आच बारीक. ओव्हन १६० ते १७० अंशांवर आधीच तापवा आणि ट्रे मधल्या खणात लावा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर आहे ना, हे बघूनच बटण दाबा.

सामान देऊन बेकरीत भाजून आणण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे चूक एकच होते, ट्रे बदलतो. पिस्ता लावलेली आपली नानकटाई दुसऱ्याच्या घरी आणि त्यांची बिनवेलचीची आपल्या डब्यात. गोळ्यांवर आपली खूण करा, चारोळी म्हणा किंवा काट्याची रेघ, आणि ती भट्टीवाल्याला सांगून ठेवा.

बाहेर काढल्यावर नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली म्हणून परत आत सरकवू नका, तिथेच करपतात. १५ ते २० मिनिटांत खालची कड फिकट बदामी झाली की काढा आणि ट्रेवरच गार होऊ द्या. कोमट असताना डबा बंद केला तर वाफ धरून मऊ पडतात. तसं झालंच तर १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून पुन्हा गार करा.