घरासाठी एआर-१५ घेताय? मग अख्खा सेटअप असा ठरवा

इथे टेक्सासमध्ये स्वतःचं घर झालं की ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, घराच्या रक्षणासाठी एआर-१५ रायफल घ्यायचीय, कुठली घेऊ? कुठली ते नंतर बघू हो, आधी हे ठरवा की मध्यरात्री झोपेतून उठून ती उचलणार कोण, आणि त्या प्रत्येकाला ती झेपणार का, बाकी सगळं त्यावरूनच ठरतं.

पण त्याच्याही आधी कायदा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून बंदूक विकतही घेता येत नाही आणि जवळही ठेवता येत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म, भरायचा, मग बॅकग्राउंड चेक. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत नियम फार कडक आहेत, मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, तीसुद्धा १० गोळ्यांचीच, तेव्हा तिथल्यांनी इथला सेटअप बघून ऑर्डर टाकू नका.

आता रायफल. खालचा भाग लोअर, सिरियल नंबर त्याच्यावर आणि कायद्याने तीच बंदूक. वरचा अपर, त्यात नळी आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग), दोन पिना सरकवल्या की सुटा होतो. म्हणून लोक सुटे पार्ट जमवत बसतात, पण पहिलीच असेल तर तयार, वॉरंटीवाली घ्या. नळी १६ इंच, त्याहून आखूड घेतली तर १९३४ च्या कायद्याखाली वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, ५.५६ किंवा .२२३ वाईल्ड बघा, त्यात ५.५६ आणि .२२३ दोन्ही काडतुसं चालतात, नुसतं .२२३ लिहिलेल्या नळीत ५.५६ घालायचं नाही, दाब जास्त होतो. गॅस सिस्टिम, म्हणजे झाडलेल्या गोळीच्या वायूवर पुढचं काडतूस भरणारी यंत्रणा, मिड-लेंग्थ (मध्यम लांबीची) मिळाली तर उत्तम, धक्का मऊ लागतो.

दस्ता मागेपुढे सरकणाराच घ्या. माझ्या बायकोने पहिल्यांदा उचलली तेव्हा दस्ता माझ्या मापाला लावलेला, डोळा साइटपर्यंत पोचेना, दोन खाचा आत घेतल्यावर लगेच जमलं.

मग रायफलवर तीन गोष्टी, लाइट, रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट), स्लिंग (खांद्याचा पट्टा), एवढंच. लाइट सगळ्यात महत्त्वाचा, कारण अंधारात उभा आहे तो चोर की पाणी प्यायला उठलेला मुलगा हे दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचंच नाही, आणि शोधाशोध करायला हातात वेगळा टॉर्च, बंदुकीचा लाइट जिकडे तिकडे नळीही. रेड डॉट नळीच्या साधारण अडीच इंच वर बसतो. ५० यार्डांवर झीरो केलात, म्हणजे ठिपका आणि गोळी तिथे जुळवलीत, तरी घरातल्या पाच-सात यार्डांवर गोळी ठिपक्याच्या जवळजवळ तेवढीच खाली लागते, रेंजवर कागदाला छोटा स्टिकर लावून मारून बघा, भोक खाली दिसेल, हे हाताला माहीत पाहिजे. स्लिंग साधा टू-पॉइंट, पुढे-मागे दोन ठिकाणी अडकणारा, म्हणजे फोन करायला किंवा मुलाला उचलायला हात मोकळा. झूम स्कोप, बायपॉड वगैरे हॉलवेत काही कामाचं नाही, नुसतं वजन वाढतं, आणि थकलेल्या हातांना अर्धा किलोसुद्धा जाणवतो.

गोळ्या डिफेन्ससाठी बनवलेल्या, पसरणाऱ्या घ्या, तरी इथल्या जिप्समच्या भिंती कुठलीच गोळी खात्रीने अडवत नाहीत, म्हणून मुलांची खोली कुठल्या दिशेला आहे हे दिवसाउजेडी घरात फिरून ठरवून ठेवा. त्याच गोळ्या, त्याच मॅगझिनमधून, दोनेकशे तरी झाडा, न अडकता चालली तरच विश्वास टाका. बंद खोलीतला आवाज कानाचं कायमचं नुकसान करू शकतो, इलेक्ट्रॉनिक इअरमफ रायफलच्या शेजारीच ठेवा.

तिजोरीचे पैसे मात्र पहिल्या दिवशीच बाजूला काढा, पटकन उघडणारी, बटणांची, भिंतीला बोल्ट केलेली. आमच्याकडे तिजोरी आधी बसली, रायफल दोन आठवड्यांनी आली.